गाडीची पूर्व

“बंदच आहे ही. कधी बघावं तेव्हा बंद.”

“बंद कशी असेल? थालीपिठाचा वास येतोय की.”

“वास काय, कुठूनही येतोय. चल, पुढं मोमोवाला आहे. माझे पाय दुखायलेत.”

हे बोलणं सुलभाच्या पाठीपासून वीतभर अंतरावर चाललं होतं आणि मधे होता फक्त एक पत्रा. ती तव्यासमोर उभी होती, थालीपीठ उलटायच्या बेतात. चपलांचे दोन जोड पत्र्यापलीकडून हळूहळू पुढं गेले. एक घासत, एक टपटपत. घासत गेला तो नवरा असणार.

“गेले,” दुर्गव्वा म्हणाली. ती खाली पाटावर बसून कांदा चिरत होती. “हाक मारायचीस की अक्का.”

“मारली होती की एकदा. विसरलीस काय?”

दुर्गव्वा विसरली नव्हती. तिला ती गोष्ट पुन्हा ऐकायला आवडायची, म्हणून ती असं काहीतरी म्हणायची. गाडी नवीन होती तेव्हा अशीच एक बाई पत्र्यापलीकडं थांबून बंद बंद म्हणत होती, आणि सुलभानं आतून जीव तोडून हाक घातली, “ओ बाई, मी आत आहे, पलीकडनं या.” बाईनं जी धूम ठोकली ती थेट वळणापर्यंत. पाच मिनिटांत चार माणसं आली आणि आत कुणाला तरी कोंडून घातलंय म्हणून मागचं दार ओढायला लागली. शेवटी त्या चौघांना सुलभानं गिरमिट, म्हणजे इकडचे कालवलेले चुरमुरे, खाऊ घातलं. त्यातले दोघे अजून येतात. पण हाक मारणं तिनं तेव्हापासून सोडलं.

गोष्ट अशी की गाडीला खिडकी होती, चांगली सहा फुटी, वर उचलून टेकू देता येणारी. पण ती उजव्या अंगाला होती. रस्त्याच्या कडेला गाडी लावली की लोक येतात डाव्या अंगाला, आणि तिथं सलग पत्रा. इतर कुणाही गाडीवाल्याची खिडकी डावीकडंच असते. उजवीकडं खिडकी असलेली गाडी हुबळी-धारवाडात ही एकच, आणि ती लावायला जागाही एकच सापडली होती. धारवाडच्या केलगेरी तळ्याचा बांध. तिथं गाडी उत्तरेकडं नाक करून अशी उभी करायची की रस्ता डावीकडं, पश्चिमेला राहील आणि खिडकी उघडेल ती थेट पाण्यावर, पूर्वेला. गाडी आणि पाणी यांच्या मधे जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जमीन. ज्यांना ठाऊक होतं ते वळसा घालून यायचे. एक निवृत्त मास्तर, होस्टेलच्या तीन मुली, गळ टाकून बसणारा एक म्हातारा. बाकी गाव रस्त्यानं जायचं आणि बंद आहे म्हणायचं.

खरं तर सुलभाला ते दृश्य सोडवत नसे. हे ती कुणाला सांगायची नाही, कारण हॉटेल चालवणाऱ्या बाईनं असं काही बोलू नये. पण संध्याकाळी ऊन मागून यायचं, रस्त्यावरून, झाडांमधून, आणि गाडीची सावली पुढं पाण्यावर पडायची. आधी आखूड, मग लांब, मग तळ्याच्या मध्यापर्यंत. त्या सावलीला छप्पर असायचं, टेकू असायचा आणि आडव्या उजेडात वर जाणाऱ्या वाफेचीसुद्धा एक हलकी, थरथरती सावली असायची. सुलभा बघत राहायची. तिला वाटायचं, आपलं खरं हॉटेल ते तिथं आहे, पाण्यावर. आपण इथं नुसता तवा सांभाळतोय, आणि तिकडं गिऱ्हाइकं पाण्यावरून चालत येतायत, पाय ओले न होता, आणि बाकावर बसून निवांत खातायत. कुणालाही घाई नाही. कुणी मोमो मागत नाही. एखादा बगळा त्या सावलीतून उडाला की आत कुणीतरी ताट उचललं असं वाटायचं. तोवर थालीपिठाची कड करपायची आणि दुर्गव्वा घसा खाकरायची.

“अक्का, पाण्यावरची माणसं पैसे देत नाहीत.”

“तुला कसं कळलं गं मी काय बघते?”

“दोन वर्षं तुझ्या मागं बसलीय. तुझी मान कळते मला.”

आता ती खिडकी उजव्या अंगाला कशी आली, ते सांगितलं पाहिजे.

सुलभाच्या सासऱ्यांचं, अप्पांचं, जुन्या हुबळीत भांड्यांचं दुकान. मूळ घर मिरजेकडचं, पण तीन पिढ्या इथंच गेल्या. अप्पा ऐंशीला टेकलेले. पातेलं हातात घेऊन वजन सांगायचे आणि काटा त्यांच्याशी सहमत व्हायचा. बाजारात कुणाचा वाद झाला की लोक अप्पांकडं यायचे. घरात तर विचारायलाच नको. अप्पा म्हणाले सोमवारी निघायचं, की सोमवारच.

सुलभानं तीन वर्षांपूर्वी दबकत दबकत विषय काढला होता की दुकानाचा जुना टेम्पो नुसता उभा आहे, त्याची खाण्याची गाडी केली तर. तेव्हा गोविंद, तिचा नवरा, जेवता जेवता हसला होता. पन्नाशीला आलेली बाई टेम्पो चालवणार, त्यात थालीपीठ लावणार, लोक काय म्हणतील. त्याचं हसणं संपायच्या आत अप्पा म्हणाले, “लोक खातील. अजून काय करतील?” आणि ताटातला शेवटचा घास उचलून पुढं म्हणाले, “हिच्या हातचं तुम्ही सव्वीस वर्षं खायलाय आणि एकानंही कधी चांगलं झालंय म्हटलं नाही. परक्यांकडून तरी ऐकू दे तिला.” सुलभा आत जाऊन उगीचच पाण्याचा पिंप घासत बसली होती.

त्यानंतर गाडी चालवायला शिकणं, परवाना काढणं, सगळं झालं. गाडीचं आतलं काम धारवाडजवळच्या बेलूरला, कारखान्यांच्या वसाहतीत लोकेशकडं दिलं होतं. पत्र्याच्या कामात लोकेशचा हात धरणारा दुसरा नाही. खिडकी कापायच्या दिवशी अप्पा मुद्दाम गेले. गुडघे दुखत असताना, रिक्षा करून. शेडमध्ये टेम्पो उत्तरेकडं नाक करून उभा होता. अप्पांनी आधी सूर्य बघितला, मग टेम्पो बघितला, मग म्हणाले, “चुलीपुढं उभ्या बाईचं तोंड पूर्वेला पाहिजे. आमच्या घरी तसंच आहे, तिच्या माहेरीही तसंच असणार.” लोकेशकडून खडू घेतला आणि टेम्पोच्या उजव्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, पूर्व. खाली एक रेघ मारली. “इथं काप.”

लोकेशनं गोविंदकडं बघितलं. गोविंदनं सुलभाकडं बघितलं. सुलभानं त्या खडूच्या अक्षरांकडं बघितलं. तिघांच्याही मनात एकच गोष्ट होती, आणि ती इतकी सोपी होती की ऐंशी वर्षांच्या माणसापुढं बोलायची लाज वाटावी. टेम्पो शेडमधून बाहेर काढून वळवला की ती पूर्व कुठं जाणार. पण ज्या माणसानं भरल्या घरात एकट्यानं तिची बाजू घेतली, त्याच्या खडूवर बोट कसं ठेवायचं? सुलभा म्हणाली, “होय अप्पा.” लोकेशनं यंत्र चालू केलं. ठिणग्या उडाल्या, आणि अप्पा त्या ठिणग्यांकडं लग्नातल्या होमाकडं बघावं तसे बघत उभे राहिले.

दोन वर्षं कुणी काही बोललं नाही. अप्पा रोज रात्री विचारायचे, “तोंड पूर्वेलाच होतं ना?” आणि सुलभा खरंच सांगायची, होय. त्यात खोटं काही नव्हतंच.

गाड्यांचा धंदा तसाही आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. लॉकडाऊननंतर जो तो गाडी काढत होता. नोकरी गेलेले, नोकरीला कंटाळलेले, नुसते मोबाइलवर बघून आलेले. तळ्याच्या रस्त्याला एका वेळी अकरा गाड्या होत्या, रंगीत दिव्यांच्या, इंग्रजी नावांच्या. वर्ष संपता संपता एकीत मोबाइलची कव्हरं विकायला आली. एक कुणाच्या तरी शेतात कोंबड्यांची झाली. डोशाची गाडी लग्नांना भाड्यानं जाते. उरल्या चार, आणि पाचवी सुलभाची, जी मोजताना लोक विसरायचे.

आणि श्रावण संपता संपता महापालिकेची माणसं येऊन चुन्याच्या रेघा मारून गेली. बांधापासून अर्ध्या मैलावर, कॉलेजकडच्या रस्त्याला, खाण्याच्या गाड्यांची एक रीतसर रांग होणार. पाणी, वीज, बसायला बाकं. सगळ्या गाड्यांची नाकं एकीकडं, सगळ्या खिडक्या डावीकडं, फुटपाथावर. रांगेत नाव आलं तर धंदा करायचा. बांधावर यापुढं कुणी उभं राहायचं नाही. अर्ज दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत. अर्जात एक रकाना होता, विक्रीची खिडकी कोणत्या बाजूस. आणि खाली गाडीमालकाची सही. टेम्पो अप्पांच्या नावावर होता.

“तुम्ही सांगा,” सुलभा गोविंदला म्हणाली. “वडील तुमचे.”

“गाडी तुझी,” गोविंद म्हणाला.

“सांगायचं काय त्यात अवघड? खिडकी इकडची तिकडं करायची म्हणायचं.”

“का म्हणून विचारतील.”

“मग का ते सांगायचं.”

“तेच तर,” असं म्हणून गोविंद दुकानात निघून गेला आणि त्या दिवशी जेवायला तासभर उशिरा आला.

लोकेशला फोन केला तर तो म्हणाला, “अक्का, दोन दिवस कापायला, दोन दिवस हे अंग झाकायला. काम काहीच नाही. पण अप्पांनी स्वतः सांगू दे. त्यांनी लिहिलेल्या जागेवर मी पत्रा मारणार नाही. माझ्या हातून व्हायचं नाही ते.” दुर्गव्वाला विचारलं तर ती म्हणाली, “माझं काय जातंय. पण मी परकी. तुमच्या म्हाताऱ्याला मी कशाला?” सुलभा स्वतःला विचारायची तेव्हा तळं दिसायचं. त्या रांगेत खिडकीसमोर काय असेल ते ती जाऊन बघून आली होती. झेरॉक्सचं दुकान आणि एक गटार. माणसं मात्र होती, पुष्कळ, आणि सगळी भुकेली. कॉलेज सुटायच्या वेळी ती तिथं अर्धा तास उभी राहिली होती आणि तिच्या हातांना आपोआप पीठ थापावंसं वाटायला लागलं होतं. रांगेत नाव आलं नाही तर आपण पुन्हा दुकानामागच्या स्वयंपाकघरात, आणि हे हात पुन्हा घरच्यांपुरते.

खंडेनवमीला अप्पा स्वतःच म्हणाले, “यंदा गाडीची पूजा तिच्या जागेवर जाऊन करू. मी अजून तुझं हॉटेल बघितलं नाही.”

दुपारी साडेतीनला निघाले. सुलभा चालवत होती, शेजारी अप्पा, आणि मागं पिठाच्या डब्यांमधे गोविंद, मांडीवर कोहळा घेऊन. रस्ताभर प्रत्येक बसला, ट्रॅक्टरला, मोटरसायकलला झेंडूचे हार होते, केळीचे खुंट बांधलेले होते, जणू सगळं गाव लग्नाला निघालं होतं आणि वाहनंच वऱ्हाडी होती. वाटेतलं नवलूर मागं पडलं तेव्हा अप्पा म्हणाले, “हात हलका आहे तुझा.” सुलभाला वाटलं, हा रस्ता असाच चालत राहावा, तळं येऊच नये.

तळं आलं. दुर्गव्वा रांगोळी घालून बसली होती. लोकेशही आला होता, कारखान्यातली पूजा सकाळीच उरकून, नवा शर्ट घालून. गाडी उत्तरेकडं नाक करून लागली, खिडकी वर उचलली गेली. अप्पांसाठी पाण्याच्या बाजूला खुर्ची टाकली. हार घातला, कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, गोविंदनं कोहळा फोडला. अप्पांनी खिडकीपुढं हात जोडले तेव्हा सुलभा तव्यापाशी उभी होती, आणि क्षणभर तिला आपल्यालाच नमस्कार केल्यासारखं वाटून ती बाजूला झाली.

मग अप्पांनी थालीपीठ खाल्लं. लोणी, कारळ्याची चटणी. अर्धं संपल्यावर म्हणाले, “चांगलं झालंय.” एवढंच. गोविंदनं मान खाली घातली.

ऊन उतरत होतं. गाडीची सावली पाण्यावर निघाली होती, आणि आज तिला झेंडूच्या हाराची झालर होती. अप्पांनी पण बघितलं असावं. त्यांनी खुर्ची पाण्याकडं वळवून घेतली. वारा नव्हता. दूर कुठंतरी आणखी एक पूजा चालली होती, तिची घंटा पाण्यावरून येत होती. तो गळवाला म्हातारा आला, वाकून गाडीला नमस्कार करून आपल्या जागेवर गेला. सुलभाला वाटलं, हे असंच धरून ठेवावं, परातीत ठेवून वर पंचा टाकावा.

“तो कागद कुठाय?” अप्पा म्हणाले. “गोविंदा म्हणत होता सही पाहिजे.”

गोविंदनं खिशातून अर्ज काढला. अप्पा कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नाहीत, आणि कन्नड ते मराठीपेक्षाही भराभर वाचतात. बोट एकेका ओळीवरून खाली येत होतं. सगळे बोटाकडं बघत होते. बोट थांबलं.

“खिडकी कोणत्या बाजूस,” अप्पांनी वाचलं. “उजवी लिही की. रिकामं का सोडलंय?”

“लिहितो,” गोविंद म्हणाला आणि पेन शोधायला लागला. पेन त्याच्या कानावर होतं.

“लोकेश, तिथल्या गाड्यांची खिडकी कुठं असते रे?”

लोकेश तळ्याकडं बघत म्हणाला, “असते की अप्पा. असते प्रत्येकाची कुठं ना कुठं.”

“इथं खाली लिहिलंय, डावीकडं असेल तरच जागा.”

“चहा टाकू का?” दुर्गव्वा म्हणाली.

“म्हणजे तिथं उभ्या राहणाऱ्या बायकांचं तोंड पश्चिमेला,” अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. “सगळ्यांचं. कुणी सांगितलं नाही वाटतं त्यांना.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “गोविंदा, कोरा कागद काढ. आयुक्तांना पत्र लिहायचं. रांग रस्त्याच्या पलीकडं घ्यावी आणि सगळ्या खिडक्या उजवीकडं कराव्यात. कारणासहित लिही.”

गोविंदनं कोरा कागद काढला. आणि लिहायला लागला. सुलभाला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. बावन्न वर्षांचा माणूस गुडघ्यावर वही ठेवून, ओठ चावत, सन्माननीय आयुक्तसाहेब असं लिहीत होता.

“बाकीच्या गाडीवाल्यांच्या पण सह्या घेऊ,” अप्पा म्हणाले.

“घेऊ की,” लोकेश म्हणाला. “मी करतो पहिली. मोमोवाल्याला पण सांगतो.”

“त्याला नवी खिडकी पडेल.”

“पडू दे की अप्पा. कापून देतो. किती वेळ लागतोय.”

दुर्गव्वानं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. सुलभालाही हसू आलं असतं. पण तिनं अप्पांचे हात बघितले. अर्ज त्यांच्या मांडीवर होता आणि दोन्ही हात त्यावर पसरलेले होते, वाऱ्यानं उडू नये म्हणून, आणि वारा तर नव्हताच. हा माणूस ह्या गुडघ्यांनी महापालिकेचे जिने चढेल. रांगेत उभा राहील. तिथं कुणीतरी पंचविशीतला कारकून हसेल, आणि बरोबर गोविंद असेल, जो खालमानेनं उभा राहील. आणि सोमवार निघून जाईल.

सावली आता तळ्याच्या पार मध्यापर्यंत गेली होती. अलीकडं काठाच्या पाण्यात खिडकीचं प्रतिबिंब होतं आणि त्यात एक डोकं, तिचं स्वतःचं. ती वाकली तसं तेही वाकलं. सुलभानं गॅस बंद केला. हात पुसले. मागच्या दारानं उतरून ती गाडीला वळसा घालून आली, रोज गिऱ्हाइकं येतात तशी, रस्त्याच्या अंगानं, त्या सलग पत्र्याला हात लावत. पत्रा उन्हानं कोमट होता. ती अप्पांच्या खुर्चीपाशी आली आणि खाली जमिनीवर बसली, म्हणजे त्यांना मान वर करावी लागू नये.

“काय गं?” अप्पा म्हणाले. “तुझी पण सही पाहिजे ह्याच्यावर. तोंड तर तुझंच आहे.”

गोविंदचं पेन थांबलं. लोकेश अजून तळ्याकडंच बघत होता.

“अप्पा,” सुलभा म्हणाली, “पत्र नको. त्या दिवशी तुमचं चुकलं होतं.”